पुढचा दांडा

आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो विलासच्या दमाने. विहिरीवरून भरलेली कळशी खांद्यावर घेऊन तो निघायचा आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ पुटपुटत यायचा. पाखाडीच्या चिऱ्यांवरून त्याची अनवाणी पावलं चढताना ऐकू यायची, आणि शेवटच्या पायऱ्यांवर ती पुटपुट बारीक होत जायची. कळशी खाली उतरवल्यावरच तो श्वास सोडायचा. आई चुलीपुढून मान न वळवता विचारायची, पाणी सांडलंस नाय ना रे, आणि तो म्हणायचा, नाय मामी. मी तेव्हा गोधडीत असायचो. आजही पहाटे जाग आली की थोडा वेळ मी त्या आवाजाची वाट पाहत पडून राहतो. घरात आता नळ आहे.

विलास माझा आतेभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. त्याचे वडील हेदवीकडचे, लाँचवर खलाशी होते. एकदा पावसाच्या तोंडावर त्यांची लाँच परत आली नाही. सासरच्यांनी काही दिवस आत्याला ठेवून घेतलं, मग ती एक पत्र्याची ट्रंक आणि विलासला घेऊन आमच्याकडे आली ती कायमची. नाना, म्हणजे माझे वडील, शहरातल्या एका लाकडाच्या वखारीत मुकादम होते. घर आरे-वारेच्या रस्त्यावरच्या वाडीत, वर कातळ आणि खाली समुद्र, मध्ये आमची थोडी हापूसची कलमं आणि भाताचे चार कुणगे. नानांनी आत्याला मागची पडवी दिली. तिला किंवा विलासला आमच्या घरात कोणी कधी वावगा शब्द बोललं नाही, आणि लहानपणी मला वाटायचं की एवढं पुरे आहे.

जेवायला आम्ही ओळीने बसायचो. पहिले नाना, मग मी, आणि दाराजवळ शेवटी विलास. कुळथाची पिठी, भात आणि बांगडा असला की आई बांगड्याचा मधला तुकडा माझ्या पानात वाढायची आणि डोकं विलासच्या. त्याला डोकंच आवडतं, असं घरात सगळे म्हणायचे. तोही तसंच म्हणायचा. ते डोकं तो इतकं मन लावून चोखायचा की कितीतरी वर्षं मला ते खरं वाटलं. पुढे एकदा बंदरावर त्याच्या घरी जेवायला बसलो तेव्हा त्याच्या बायकोने त्याच्या पानात मधला तुकडा वाढला, आणि डोकं मांजरीला गेलं.   

आता मंडळाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आमच्या वाडीच्या क्रीडा मंडळाचा कबड्डीचा कुमार संघ त्या पट्ट्यात नावाजलेला होता. मैदान कातळावर होतं. कातळावर कोणी पडला तर कातडं सोलून निघेल, म्हणून भात कापून झालं की दरवर्षी त्यावर माती घालायची रीत होती. ही माती विकत आणायची नसे. प्रत्येक घराने आपापल्या शेतातून पाट्या भरून आणायच्या. सगळी माती एकत्र चाळायची, पाणी मारायचं, चोपणीने चोपायची. मग त्यात कोणाच्या घरची कुठली ते कळायचं नाही. मात्र माती आणायचा मान पालखीच्या घरांनाच होता. पालखीचं घर म्हणजे शिमग्यात ग्रामदेवीची पालखी ज्याच्या अंगणात येते ते. आणि कुमार संघात खेळायचं तर मुलगा पालखीच्या घरचा हवा, बापाच्या बाजूने. आजोळी वाढलेला, भाड्याने राहणारा, नोकरीनिमित्त आलेल्याचा, कोणीही चालायचा नाही. लेखी काही नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

हा नियम तात्यांचा. तात्या मंडळाचे अध्यक्ष आणि देवीचे मानकरी. उंच, किडकिडीत, कायम पांढरा सदरा. त्यांच्या तरुणपणी मंडळाने ढालीच्या हव्यासापायी बाहेरचे खेळाडू आणायला सुरुवात केली होती. वाडीची पोरं टॉवेल आणि पाण्याचे तांबे घेऊन रेषेबाहेर बसायची. एका अंतिम सामन्यात खुद्द तात्यांना उठवून त्यांच्या जागी मुंबईहून आणलेला गडी उतरवला. ढाल मिळाली. पुढच्या वर्षी ते गडी दुसऱ्या गावाने नेले, आमचं मैदान ओसाड पडलं आणि त्यावर गुरं बसू लागली. तात्यांनी मंडळ पुन्हा उभं केलं ते ह्या नियमावर. नियम वाईट माणसाने केलेला नव्हता, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. वाईट माणसाचा असता तर माझं ओझं बरंच हलकं झालं असतं.

विलासला सरावाला मात्र बंदी नव्हती. रोज संध्याकाळी तो आमच्याबरोबर यायचा. चढाईला त्याचा हात धरणारा वाडीत कोणी नव्हता. अंग सडसडीत, आणि चढाई करताना तो बघायचा एकीकडे आणि पाय जायचा भलतीकडे. आम्ही सातजण त्याला अडवायचा सराव करायचो. त्याच्यामुळेच आमचा बचाव पक्का झाला होता. मी डाव्या कोपऱ्याला खेळायचो. घोट्याची पकड मला त्यानेच शिकवली, आमच्याच खळ्यात, भाताच्या पेंढ्यावर. "पायाकडे बघू नको. माझ्या पोटाकडे बघ. पोट हललं की पाय येतोच." असं तो सांगायचा आणि मला जमेपर्यंत स्वतःचा पाय पुढे करत राहायचा. रात्री आत्या त्याच्या घोट्याला खोबरेल चोळायची. संघ सामन्याला जायचा तेव्हा तो वाडीच्या वळणापर्यंत टेम्पोच्या मागे चालत यायचा, मग हात करून मागे फिरायचा.

कुमार गटातलं त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. त्या उन्हाळ्यात शहरात मोठी स्पर्धा भरायची होती आणि मुंबईच्या एका कंपनीच्या संघाची माणसं मुलं निवडायला येणार, अशी बातमी आली. याआधी वाडीतले दोघे असे नोकरीला लागले होते. आत्याने ती बातमी ऐकली तेव्हा ती काजू फोडत बसली होती. ओल्या काजूगरांच्या चिकाने तिची बोटं काळी झाली होती. ती नानांना म्हणाली, "दादा, माझ्यासाठी मी कधी काय मागितलं नाय." एवढंच. नाना जेवणाचं पान सोडून उठले आणि तसेच तात्यांच्या घरी गेले.

तिथे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. तात्या आधी नाहीच म्हणाले. एकाला वाट दिली की दहा येतील, असं त्यांचं म्हणणं. नाना म्हणाले, हे पोर माझ्या घरात वाढलं, माझी माती ह्या वर्षीसुद्धा त्यानेच डोक्यावरून वाहिली, मैदानात ती तुम्हाला चालते.  शेवटी त्यांनी जुनी रीत काढली.

आमच्याकडे पालखी अंगणात आली की घरचा यजमान नारळ घेऊन समोर उभा राहतो आणि थोरला मुलगा पुढच्या दांड्याला खांदा देतो. दांड्याखाली दोघं उभे राहतात, एकमेकांच्या कमरेत हात घालून. तो दुसरा कोण, हे थोरल्या मुलाने नाव घेऊन हाक मारून सांगायचं. एखादा घरजावई राहिला, एखादं मूल दत्तक आलं, तर पहिल्या शिमग्याला त्याला अशी हाक जायची, आणि मग तो घरचा की बाहेरचा हा प्रश्न वाडीत पुन्हा कोणी काढायचा नाही. बापाने हाक मारून चालत नसे. तात्यांचं म्हणणं असं की बाप उद्या जाईल. ज्याला ह्याच्याबरोबर उद्या राहायचं आहे त्याच्या तोंडून नाव आलं पाहिजे. नंदूने अंगणात हाक मारू दे, तात्या म्हणाले, मग विलास संघात. मी स्वतः त्याचं नाव घालीन.

नंदू म्हणजे मी. मी एकुलता एक मुलगा होतो.

नानांनी मला विचारलं ते कलमांत, मोहोरावर फवारणी करताना. पंपाचा दांडा हलवता हलवता त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, तुझं काय? मी लगेच हो म्हणालो. खरोखर मनापासून म्हणालो. त्या संध्याकाळी घरात एक वेगळीच हवा होती. आत्याने घावणे केले, नारळाचा रस काढला. विलास जेवताना एकदाही माझ्याकडे पाहू शकला नाही. आई तेवढी गप्प होती. ती वाईट नव्हती. तिला भीती वाटत होती, आणि कशाची ते तिला मोठ्याने म्हणता येत नव्हतं.

ते म्हणून दाखवलं भाऊकाकांनी. भाऊकाका नानांचे चुलतभाऊ, शेजारचंच घर. शिमग्याआधी मी त्यांच्याकडे झावळ्या मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला ओटीवर बसवलं, पन्हं दिलं. तू मोठा झालास, असं म्हणाले. मग म्हणाले, "हाक मारतोस ती देवीसमोर मारतोस, बाबू. आज खेळायला घरचा, मग कलमांच्या वाटणीला बाहेरचा कसा म्हणशील?" कोर्टात अशा हाकेला काही किंमत नाही, हे आज मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी फरक पडला असता का, ठाऊक नाही. कारण त्यांचा मुलगा प्रकाश तिथेच बसला होता आणि त्याने हसत हसत दुसरी गोष्ट सांगितली. विलास आला तर एकाला बसावं लागेल. "आणि सातांत सगळ्यात कच्चा कोण, ते तुला माहीतच हाय."

मला माहीत होतं. मीच होतो. ते मी तोवर मनातही म्हटलं नव्हतं. झावळ्या ओढत घरी येताना त्यांच्या टोकांची मातीवर घसटत जाणारी खरखर मी ऐकत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की माझं ‘हो’ जागेवर नाही.

विलासला हे कसं समजलं कोण जाणे. कदाचित तो माझ्या पोटाकडे बघत असेल. पालखी येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं विहिरीवर होतो, अंगण सारवायला पाणी काढत होतो. रहाट कुरकुरत होता. तो थांबला आणि म्हणाला, "नंदू, तुझ्या मनात नसलं तर आत्ता सांग. मी मामाला सांगेन, मलाच नाय खेळायचं म्हणून. पण अंगणात नको." मी म्हणालो, वेडा हायस काय तू. वर हसलोसुद्धा. त्याने कळशी उचलली आणि तो वर गेला. त्या दिवशी तो कबड्डी म्हणत गेला नाही. माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त परत मिळावासा वाटणारा क्षण हा आहे, अंगणातला नाही. इथे नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर मी हलका माणूस ठरलो असतो, एवढंच.

पालखी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आधी खालच्या आळीतून ढोल ऐकू आले, मग सनई, मग पोरांचा गलका. आईने दारात रांगोळी काढली होती, आत्याने फुलांचं ताट धरलं होतं, झावळ्यांच्या मांडवाखाली सारवलेलं अंगण थंड आणि हिरवट दिसत होतं. अख्खी वाडी जमली होती, कारण हाकेची गोष्ट सगळीकडे पोचली होती. रीतीप्रमाणे ज्याला हाक जायची आहे त्याने मांडवाबाहेर उभं राहायचं. विलास पाखाडीच्या वरच्या पायरीवर उभा होता. नानांनी त्याला स्वतःचा नवा सदरा दिला होता, बाह्या लांब होत होत्या म्हणून दुमडलेल्या. पालखीला हात लावायचा म्हणून त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. मांडवाची सावली त्याच्या पायांपासून वीतभर अलीकडे संपत होती.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. घरच्या लेकराबाळांना सांभाळ, बाहेर गेलेल्यांना सुखरूप आण. ढोल थांबले. तात्या म्हणाले, घरच्याने खांदा द्यावा. मी पुढे झालो आणि दांडा खांद्यावर घेतला. दांडा माझ्या अंदाजापेक्षा जड होता, त्याला तेलाचा आणि झेंडूचा वास येत होता. माझ्या डाव्या बाजूची जागा मोकळी होती. समोर नाना नारळ घेऊन उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलले नाहीत, खूण केली नाही, मान हलवली नाही. त्यांच्या मनात शंकाच नव्हती. मी हाक मारणार हे धरून ते पाहत होते, आणि थोडं हसतसुद्धा होते.

मला विलास दिसत होता. आत्या दिसत होती, ताट धरलेले तिचे हात स्थिर होते. आईने पदर दातांत धरला होता.  कुठेतरी एक मूल खोकलं. मी तोंड उघडलं. त्याचं नाव तीन अक्षरांचं, रोज मी ते पन्नासदा घ्यायचो. मग प्रकाशचं ते हसणं आठवलं, आणि त्याच्या मागोमाग मैदानाबाहेर टॉवेल घेऊन बसलेला मी मला दिसलो. मी तोंड मिटलं. पालखी उचलली की ढोल वाजतो आणि ढोल वाजला की हाकेची वेळ गेली, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी पालखी उचलली.

ढोल वाजला. मोकळी जागा दिसताच प्रकाश माझ्या बाजूला शिरला, त्याने माझ्या कमरेत हात घातला, आणि आम्ही पालखी नाचवली. लोकांनी आरोळी दिली, पण उशिरा. मी नंतर पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो की गोंधळ झाला, ढोलकऱ्याने घाई केली. घरातही कोणी तसं म्हणालं की मी मान हलवायचो. ढोलकऱ्याने घाई केली नव्हती.

पालखी परत निघाली तेव्हा विलास अजून पायरीवरच होता. वाट तीच. त्याला बाजूला व्हावं लागलं, तो दगडी गडग्याला पाठ लावून उभा राहिला, पालखी जाताना त्याने हात जोडले. मग चपला घातल्या. तात्या त्याच्यापाशी क्षणभर थांबले, काही बोलायचं होतं बहुतेक, पण पुढे गेले.

त्या संध्याकाळी पुरणपोळी होती. नाना त्यांच्या नेहमीच्या जागी बसले नाहीत. ते आपलं पान उचलून दाराजवळ गेले आणि विलासच्या शेजारी बसले. हाकेबद्दल मला एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. मी जेवत नाही हे पाहून आत्याच म्हणाली, जेव बाबू, निवेल. पुढे विलास गेला, आत्या गेली, माझं लग्न झालं, घरात टेबल-खुर्च्या आल्या, पण नाना शेवटपर्यंत दाराकडच्या जागेवरच जेवले.

विलास चार दिवसांनी वडिलांच्या गावी गेला. त्याच्या काकाच्या अंगणात पालखी येत होती, तिथे तो बापाच्या बाजूने घरचा होता. पण त्या मंडळाचा नियम निराळा निघाला. त्यांना गावात राहणारा मुलगा हवा होता. ज्या गावात त्याचा बाप होता तिथे तो राहत नव्हता, आणि राहत होता तिथे बाप नव्हता. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते. त्याने मग बंदरावर मच्छीमारी बोटीत काम धरलं, बापासारखंच. आत्याला जी भीती होती ती हीच. पुढे तो तांडेल झाला, बोट चालवणारा मुख्य माणूस, आणि चांगला तांडेल झाला. हे मी स्वतःच्या समाधानासाठी लिहीत नाही.

उन्हाळ्यातल्या स्पर्धेत मी सातांत होतो. उपांत्य सामन्यात समोरच्या संघाचा सगळ्यात भारी चढाईपटू माझ्या कोपऱ्यात आला. मी त्याच्या पोटाकडे पाहिलं. पोट हललं, पाय आला, मी घोटा धरला. नंतर कंपनीच्या माणसाने मला बाजूला बोलावून विचारलं की ही पकड कुठे शिकलास. मी म्हणालो, सरावात. मला नोकरी लागली. त्या नोकरीवर मी घर बांधलं, मुलगा शिकवला, आणि तिच्यातूनच स्वेच्छानिवृत्ती घेऊन वाडीत परत आलो.

नाना गेले तेव्हा विलास बोट अर्ध्यातून परत आणून आला. तिरडी उचलताना तो पुढे झाला, आणि कोण कोणाचा ते कोणी विचारलं नाही. दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघं विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो. पहिल्यांदाच मी त्याच्याशी त्या गोष्टीबद्दल बोललो. मी माफी मागत होतो, आणि माफी मागतानाही वय, भीती, भाऊकाका असं काहीबाही जोडत होतो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "खेळायचं राहिलं ते सोड. तू अंगणात मोठ्याने ‘नाय’ म्हणाला असतास ना, तरी मी निघून गेलो असतो. हाक येईल म्हणून मला हलता येईना. चिरे तापलेले, पाय भाजत होते." आणि त्याने खरंच पाय थोडे वर घेतले, जसे काही अजून भाजत होते.

हे सगळं आता लिहायला घेण्याचं कारण आहे. तात्या कधीच गेले. मंडळाचा अध्यक्ष आज मी आहे. कातळावर शेड उभी राहिली, त्यात मॅट आली, माती घालायची रीत संपली आणि मंडळाची कबड्डी अकादमी झाली. नियम मात्र तोच, आता छापलेला. मुंबईत जन्मलेली, वाडीत एक पावसाळा न काढलेली मुलं त्यात बसतात, कारण त्यांची बंद घरं शिमग्यापुरती उघडतात आणि पालखी तिथे जाते. आणि दीपक बसत नाही. दीपक माझ्या कलमांची राखण करणाऱ्या नेपाळी जोडप्याचा मुलगा. जन्मला इथल्या सरकारी दवाखान्यात, बोलतो आमची बोली. संध्याकाळी मॅटच्या कडेला चपला काढून उभा असतो आणि मला विचारतो, "काका, आज चढाया घेव?" सरावाला आम्ही त्याला घेतो. संघाचा विषय निघाला की समितीत सगळे म्हणतात, बघू पुढच्या बैठकीत. अशा बऱ्याच बैठका झाल्या. विरोध करणारेही वेडे नाहीत. शहरातल्या एका अकादमीत बाहेरची मुलं प्रमाणपत्रापुरती येऊन गेली आणि गावातली घरी बसली, हे त्यांनी पाहिलंय.

मागच्या बैठकीत मी म्हणालो, नियमच काढू. तेव्हा प्रकाश उठला. तोच प्रकाश, आता पोट सुटलेला, केस रंगवलेला. तो शांतपणे म्हणाला की नियम काढायची गरज नाही, जुनी रीत आहेच की. "आईबाप तुझ्याच कलमांत राहतात ना त्याचे? मग होऊ दे तुझ्याच अंगणात. तुला रीत माहीत हाय." कोणी हसलं नाही. ज्यांना जुनं ठाऊक होतं त्यांनी खाली पाहिलं. मी बरं म्हणालो.

मात्र हाक मला मारता येणार नाही. मी आता यजमान आहे, माझ्या हातात नारळ असेल. पुढचा दांडा माझ्या मुलाच्या, अमेयच्या खांद्यावर. तो पुण्यात नोकरी करतो, भला मुलगा आहे. फोनवर मी त्याला दीपकचं सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, बाबा, म्हणजे नक्की काय होतं त्याने? कलमांवर वगैरे काही हक्क लागतो का? मी नाही म्हणालो. तो म्हणाला, मग काही प्रश्न नाही. त्याचा आवाज चांगला होता. माझाही कलमांतला आवाज चांगलाच होता.

परवा तो येतोय. मी ही पानं त्याला आधी देणार आहे. हाक मार असं मी सांगणार नाही. नानांनी सांगितलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. एवढंच सांगेन की नाव घ्यायचं नसेल तर पालखी उचलण्याआधी ‘नाही’ असं मोठ्याने म्हण, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याला उभं करून ठेवू नकोस. ह्या वर्षी ऊन कडक आहे. मांडवाच्या आणखी दोन झावळ्या मी आज सकाळी वरच्या पायरीवर येतील अशा पुढे ओढून घेतल्या आहेत.